गूगल बिझनेस प्रोफाइल आणि गूगल अलर्ट्स: छोट्या दुकानाला एवढं पुरतं का?

पुरतं. खाणावळ, क्लिनिक, गॅरेज, पार्लर, शिकवणी असा एका गावात एक-दोन शाखांचा कुठलाही धंदा असो, आपल्या नावाबद्दल इंटरनेटवर काय चाललंय हे कळायला ही दोन फुकट साधनं पुरेशी आहेत: प्रोफाइल म्हणजे गूगल शोधात आणि मॅप्सवर दिसणारं दुकानाचं पान, अलर्ट्स म्हणजे आपलं नाव नव्या वेबपानावर आलं की मेल पाठवणारी सेवा. फक्त ती नीट लावलेली हवीत, आणि बहुतेक दुकानांत ती अर्धवट लावलेली असतात. प्रोफाइल भलत्याच माणसाच्या जीमेलवर, अलर्ट एकाच स्पेलिंगचा, आणि मालकाचं सगळं लक्ष ताऱ्यांच्या सरासरीवर. खरं नुकसान बहुतेक वेळा दुसरीकडूनच होत असतं: चुकलेला फोन नंबर, जुनी वेळ, मॅपवर नावाखाली ‘कायमचे बंद’ अशी अक्षरं. वाईट रिव्ह्यू वाचूनही काही गिऱ्हाईक येतं. बंद दिसणाऱ्या दुकानात कुणी येत नाही आणि न आलेला माणूस तक्रारही करत नाही. म्हणून इथे रिव्ह्यूंच्या आधी माहितीबद्दल लिहिलं आहे.

कुठे सापडतं, कुठे सापडत नाही

बिझनेस प्रोफाइल हीच सेवा २०१४ पासून ‘गूगल माय बिझनेस’ या नावाने होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये नाव बदललं आणि २०२२ मध्ये तिचं स्वतंत्र अॅप बंद झालं. यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओंमध्ये अजून ते अॅप दाखवतात, ते शोधत बसू नका. आता ज्या जीमेलवर प्रोफाइल आहे त्याने लॉग इन करून गूगलमध्ये दुकानाचं नाव टाकायचं, किंवा मॅप्समध्ये आपल्या फोटोवर टिचकी मारून बिझनेस प्रोफाइल उघडायचं. माहिती बदलणं, रिव्ह्यूला उत्तर देणं, फोटो, आकडेवारी सगळं तिथेच.

या बदलांत दोन गोष्टी गेल्या आणि त्यांची शेपटं मागे राहिली. प्रोफाइलमधून फुकट बनणाऱ्या ‘बिझनेस डॉट साइट’ वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या. व्हिजिटिंग कार्डवर, पिशवीवर किंवा फेसबुक पेजवर अजून तो पत्ता छापलेला असेल, तर त्यावर जाणाऱ्याला रिकामं पान दिसतं आणि दुकान बंद पडलं असं वाटतं. प्रोफाइलमधून चॅट करायची सोय ३१ जुलै २०२४ ला संपली. पूर्वी गिऱ्हाईक तिथे प्रश्न विचारायचं. आता त्याला फोन नंबरच लागतो, म्हणजे तो नंबर बरोबर असण्याचं महत्त्व आणखी वाढलं.

प्रोफाइल कुणाच्या नावावर आहे?

सगळ्यात आधी हे बघा. सेटिंगमध्ये माणसांची यादी असते आणि त्यात तीन दर्जे दिसतात: मुख्य मालक, मालक, मॅनेजर. रिव्ह्यूला उत्तर देणं, वेळ बदलणं, फोटो टाकणं ही कामं मॅनेजरलाही करता येतात. माणसं जोडणं-काढणं किंवा प्रोफाइलच उडवणं हे मालकाच्या हातात. छोट्या धंद्यात मुख्य मालक म्हणून सापडतो तो बोर्ड रंगवून देणारा, पुतण्याचा कॉलेजातला मित्र किंवा वर्षभराचे पैसे घेऊन गेलेला डिजिटल मार्केटिंगवाला. हे तिघंही वाईट हेतूचे असतील असं नाही. पण रिव्ह्यूची आणि बदलांची मेल त्यांच्या इनबॉक्समध्ये जाते, तुमच्या नाही.

यावर उपाय असा. दुकानासाठी वेगळं जीमेल खातं काढा. त्याला दुकानात राहणारा नंबर आणि दोन टप्प्यांची सुरक्षा लावा, आणि त्याच खात्याला मुख्य मालक करा. बाकी सगळे मॅनेजर. जुना माणूस सापडत नसेल, तर मॅप्सवर आपल्या दुकानाच्या पानावर ‘हा व्यवसाय माझा आहे’ अशा अर्थाचा पर्याय असतो. तिथून ताबा मागता येतो. सध्याच्या मालकाला उत्तर द्यायला ३ दिवस मिळतात. त्याने उत्तर दिलं नाही तर बऱ्याचदा स्वतः पडताळणी करून प्रोफाइल घेता येतं. नव्याने जोडलेल्या मालकाला पहिले ७ दिवस सगळे अधिकार मिळत नाहीत. जुन्याला काढणं, मुख्य मालकी बदलणं या काळात जमत नाही. त्यामुळे एजन्सीशी वाजल्यावर ताब्यासाठी धावाधाव करण्यापेक्षा सगळं गोडीत चालू असतानाच हे उरकून घ्या.

पडताळणी आता बहुतेक वेळा व्हिडिओने होते आणि तिथे अर्ज फेटाळला जाण्याची कारणं ठरलेली आहेत. व्हिडिओ न कापता सलग लागतो, निदान ३० सेकंदांचा. त्यात तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: दुकान कुठे आहे (रस्ता, शेजारची दुकानं, चौकाची पाटी), धंदा खरा आहे (बोर्ड, माल, यंत्रं), आणि तो तुम्ही चालवता (किल्लीने शटर उघडणं, गल्ला, बिलिंग मशीन, गुमास्ता परवाना). समोरच्या फुटपाथवरून सुरुवात करा, बोर्डावर दोन क्षण थांबा, शटर उघडा, आत जा, परवान्यावर थांबा. माणसांचे चेहरे, बँकेची कागदपत्रं, आधार कार्ड दाखवायची गरज नाही. सगळ्यात जास्त अडचण येते ती नावाची. महाराष्ट्रात बोर्ड मराठीत हवा हे २०२२ च्या कायदादुरुस्तीने पक्कं झालं आहे. बोर्डावर ‘माउली पोळी-भाजी केंद्र’ आणि प्रोफाइलवर रोमनमध्ये भलतंच लांब नाव, मागे ‘बेस्ट टिफिन सर्व्हिस इन कोथरूड’ चिकटवलेलं, असं असेल तर पडताळणी अडते. पुढे कुणी तक्रार केली तर प्रोफाइल निलंबितही होऊ शकतं. लिपी वेगळी चालेल, नाव तेच हवं.

बदल कोण करतं

मॅप्सवर कुणालाही तुमच्या दुकानाबद्दल ‘बदल सुचवता’ येतो: वेळ, नंबर, पिनची जागा, अगदी ‘बंद झालं’ असंही. गूगलला तो पटला तर आधी लागू होतो आणि मालकाला नंतर कळतं. प्रोफाइलच्या माहितीच्या पानावर असा बदल वेगळ्या रंगात दिसतो, तो तिथे स्वीकारता किंवा नाकारता येतो. मेलही येते, पण ती जाहिरातींच्या टॅबमध्ये पडून राहते. या बाबतीत हे साधन कमी पडतं, आणि म्हणूनच आठवड्याला एकदा हाताने तपासणं अटळ आहे.

नंबराच्या बाबतीत तर हयगय नकोच. २०१८ मध्ये ठाणे-मुंबई भागात बँकांच्या शाखांचे नंबर गूगल मॅप्सवर बदलून त्या जागी भामट्यांनी स्वतःचे नंबर टाकल्याच्या तक्रारी पोलिसांकडे आल्या होत्या. लोक बँक समजून फोन करायचे आणि कार्डाची माहिती सांगून बसायचे. हीच युक्ती लॉज, कुरिअर, मिठाईची दुकानं, फ्रिज दुरुस्ती अशा कुठल्याही धंद्यावर चालते, कारण तिथे लोक फोनवरून अॅडव्हान्स देतात. सोमवारी सकाळी दुसऱ्या कुणाच्या फोनवरून मॅप उघडून ‘कॉल’ दाबा आणि दुकानातला फोन वाजतो का ते ऐका. नुसता नंबर वाचू नका, शेवटून दुसरा आकडा बदललेला डोळ्यांना दिसत नाही. नंबर बदललेला सापडला तर आधी स्क्रीनशॉट घ्या, मग दुरुस्त करा. दुकानाच्या दारावर आणि स्टेटसवर खरा नंबर लावा. गिऱ्हाइकाचे पैसे गेले असतील तर त्याला लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करायला सांगा, पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

वेळेचंही तसंच. नेहमीची वेळ बरोबर असते, पण सणाची नसते. विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद म्हणून दुकान बंद, पाडव्याला अर्धा दिवस, गावच्या जत्रेला दोन दिवस सुट्टी. यासाठी ‘विशेष वेळ’ असा वेगळा रकाना आहे. त्यात वर्षभराच्या तारखा एकदाच बसून भरता येतात. नेहमीच्या वेळेत तात्पुरता फेरफार करू नका, तो परत बदलायचा राहून जातो. लांबून येऊन कुलूप बघून गेलेला माणूस एक तारा देतो, आणि त्याच्या जागी कुणीही तेच करेल.

तिसरी गोष्ट फोटोंची, आणि खाण्याच्या धंद्यात ती फार महाग पडते. गिऱ्हाइकाने तीन वर्षांपूर्वी काढलेला मेन्यूकार्डाचा फोटो वर दिसत राहतो. त्यात थाळी ९० रुपयांना, प्रत्यक्षात १४०. मग ‘लूट’, ‘ऑनलाइन वेगळा रेट’ असे रिव्ह्यू सुरू होतात. गिऱ्हाइकाने टाकलेला फोटो मालकाला हटवता येत नाही, फक्त रिपोर्ट करता येतो, आणि जुना दर हे काही नियमभंगाचं कारण नाही. म्हणून दर बदलला की त्याच दिवशी नव्या कार्डाचा सरळ, वाचता येईल असा फोटो टाका. कार्डावरच ‘दर लागू: अमुक तारीख’ असं छापा. प्रोफाइलमधल्या मेन्यूच्या रकान्यातही तेच आकडे भरा.

जागा बदललेल्या धंद्यांनी जुन्या पत्त्यावरचं दुसरं प्रोफाइल जिवंत आहे का तेही बघावं. नवीन प्रोफाइल काढण्यापेक्षा जुन्याचाच पत्ता बदलावा, म्हणजे रिव्ह्यू सोबत येतात. दोन झालीच असतील तर जादाचं प्रोफाइल ‘दुसऱ्या ठिकाणाची प्रत’ म्हणून कळवता येतं.

रिव्ह्यू

आता तारे. मालकांना एका ताऱ्याची धास्ती वाटते ती बहुतेक वेळा रिव्ह्यूंची संख्या कमी असते म्हणून. हिशेब साधा आहे. २० रिव्ह्यू आणि सरासरी ४.८ असेल, तर एका ताऱ्याचा एकच रिव्ह्यू ती ४.६ वर आणतो. परत पूर्ण ४.८ वर यायला पाच ताऱ्यांचे १९ रिव्ह्यू लागतात. २०० रिव्ह्यू आणि ४.८ असताना तोच एक रिव्ह्यू आला तर दिसणारा आकडा ४.८ च राहतो. म्हणून वाईट रिव्ह्यू काढून टाकण्यामागे महिनाभर धावण्यापेक्षा त्याच महिन्यात खऱ्या गिऱ्हाइकांकडून वीस-पंचवीस नवे आले तर जास्त फरक पडतो. नवा रिव्ह्यू आल्यावर सरासरी लगेच बदलेल असंही नाही, त्याला दोन आठवड्यांपर्यंत लागू शकतात.

रिव्ह्यू मागायला प्रोफाइलमध्येच लिंक आणि क्यूआर कोड मिळतो. तो गल्ल्यावर ठेवा, बिलाच्या मागे छापा, पार्सलच्या पिशवीवर लावा. नियम इथे कडक आहेत आणि दुकानदार नकळत ते मोडतात. ‘पाच तारे द्या, दहा टक्के सूट घ्या’ चालत नाही. आधी व्हॉट्सअॅपवर विचारायचं, खूश असेल त्यालाच लिंक पाठवायची आणि नाराजाला गुपचूप फॉर्मकडे वळवायचं, हेही गूगलच्या धोरणात बसत नाही. लिंक सगळ्यांना सारखीच द्यायची. आणखी एक चूक वारंवार होते: दुकानातल्या एकाच टॅबलेटवरून किंवा दुकानाच्याच वायफायवरून सगळ्यांना लिहायला लावणं. उद्घाटनाच्या दिवशी चाळीस नातेवाईक एकाच तासात लिहितात आणि आठवड्याभरात त्यातले बरेच गायब होतात. बनावट रिव्ह्यू आपोआप अडवणाऱ्या गूगलच्या गाळणीला तो नमुना बनावट दिसतो. लिंक किंवा फोन नंबर टाकून लिहिलेले रिव्ह्यूही अडकतात. विकतचे रिव्ह्यू सापडले तर गूगल काही काळ नवे रिव्ह्यू घेणं थांबवतं, जुने दिसेनासे करतं आणि प्रोफाइलवर तसा इशाराही लावू शकतं. तो इशारा वाचल्यावर खऱ्या रिव्ह्यूंवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

काढून टाकता येणारे रिव्ह्यू कोणते? शिवीगाळ, धमकी, जात-धर्मावरून द्वेष, शेजारच्या स्पर्धकाने किंवा काढून टाकलेल्या कामगाराने लिहिलेले, दुकानाशी संबंध नसलेले (समोरच्या पार्किंगवरून, निवडणुकीवरून), त्याच मजकुराची नक्कल अनेक खात्यांवरून. काढले न जाणारे: ‘मिसळ पाणचट होती’, ‘मालक बोलायला उद्धट’, ‘पैसे जास्त घेतले’. त्यातली बाजू खरी कुणाची हे गूगल ठरवत नाही, तुमच्याकडे बिल असलं तरी. मजकुराविना नुसता एक तारा असला तरी तो केवळ त्या कारणाने जात नाही. आणि लिहिलंय भरभरून कौतुक पण तारा एकच, असा रिव्ह्यू दिसला तर ते बोट चुकलेलं असतं. आभार मानून तारे तपासायला सांगा, तो बदलता येतो.

रिपोर्ट करायची पद्धत अशी. रिव्ह्यूशेजारच्या तीन ठिपक्यांतून ‘रिपोर्ट’ करता येतं. पण त्याहून बरं म्हणजे गूगलचं रिव्ह्यू व्यवस्थापनाचं वेगळं पान, कारण तिथे आधीच्या तक्रारीचं काय झालं ते दिसतं. कारण निवडताना जे खरं लागू आहे तेच निवडा. प्रत्येक वाईट रिव्ह्यूवर ‘स्पॅम’ दाबलं की ‘धोरणाचा भंग नाही’ असं उत्तर येतं. निकालाला काही दिवस लागतात. नकार आला तर त्याच पानावरून एकदाच अपील करता येतं, एका वेळी जास्तीत जास्त १० रिव्ह्यूंसाठी. एकच संधी असल्यामुळे पुरावा आधी जमवा: त्या दिवसाची हजेरी, बिलबुक, स्पर्धकाच्या नावाचा त्याच खात्यावरून लिहिलेला कौतुकाचा रिव्ह्यू, तारखांसकट स्क्रीनशॉट. अलीकडे गूगल मॅप्सवर टोपणनावानेही रिव्ह्यू लिहिता येतो. त्यामुळे बिलबुकात तसं नाव नाही एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही.

‘इतके पैसे पाठव, नाहीतर शंभर एक-ताऱ्याचे रिव्ह्यू टाकतो’ असा मेसेज येण्याचे प्रकार वाढले आहेत. पैसे देऊ नका, वाद घालू नका, रिव्ह्यूखाली त्याच्याशी भांडू नका. मेसेज, नंबर, वेळ जपून ठेवा. अशा खंडणीसाठी गूगलचा वेगळा तक्रार फॉर्म आहे, तो भरा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवा. एका दिवसात असे रिव्ह्यू धडाधड येऊ लागले तर प्रत्येकाला स्वतंत्रपणे रिपोर्ट करा, आणि खाली एकच शांत उत्तर ठेवा की अशी धमकी आली होती, तक्रार केली आहे.

उत्तर देणं हा या साधनाचा सगळ्यात चांगला भाग. ते गिऱ्हाइकाला पोचतं, आणि मुख्य म्हणजे पुढचा वाचणारा ते वाचतो. ‘आपल्या बहुमूल्य अभिप्रायाबद्दल धन्यवाद’ हे वाक्य साठ रिव्ह्यूंखाली चिकटवण्यापेक्षा काही न लिहिलेलं बरं. रिव्ह्यू मराठीत असेल तर मराठीत, रोमन लिपीतल्या मराठीत असेल तरी देवनागरीत उत्तर द्या, लोकांना चालतं. नमुना:

‘नमस्कार. रविवारी दुपारी तुम्हाला ४० मिनिटं थांबावं लागलं, हे चुकलंच. रविवारी १२ ते ३ या वेळेत आता टोकन देतो, म्हणजे उभं राहावं लागणार नाही. पुन्हा आलात तर काउंटरवर सांगा.’

यात काय घडलं, काय बदललं आणि पुढे काय करायचं हे तीन वाक्यांत आलं. टोकन सुरू केलं नसेल तर मात्र तसं लिहू नका, पुढचा रिव्ह्यू त्यावरूनच येतो. डॉक्टर, दंतवैद्य, पॅथॉलॉजी लॅब, समुपदेशक यांनी फार जपावं. ‘तुमचा रूट कॅनाल अर्धवट राहिला कारण तुम्ही दुसऱ्या तारखेला आलाच नाहीत’ असं उत्तर म्हणजे रुग्णाची माहिती चव्हाट्यावर मांडणं. तिथे ‘कृपया क्लिनिकच्या नंबरवर फोन करा’ एवढंच.

वकिलाची नोटीस शेवटची पायरी. बदनामीचा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये येतो. ‘चव आवडली नाही’ हे मत झालं; ‘इथे मेलेल्या कोंबड्या वापरतात’ हा आरोप झाला. दुसऱ्या प्रकारातच वकील गाठण्यात अर्थ आहे. आणि स्वतःचेच बनावट रिव्ह्यू टाकण्याआधी हेही माहीत असावं: भारतीय मानक ब्युरोचं ‘आयएस १९०००:२०२२’ हे ऑनलाइन रिव्ह्यूंचं मानक नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. ते सध्या ऐच्छिक आहे, पण पुरवठादाराने विकत घेतलेले किंवा त्यासाठी माणसं लावून लिहून घेतलेले रिव्ह्यू प्रसिद्ध करू नयेत असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

गूगल अलर्ट्स

२००३ पासूनची जुनी, साधी सेवा. एखादा शब्द दिला की तो कुठल्या नव्या वेबपानावर आला हे मेलने कळवते. पाच मिनिटांचं काम आहे, पण तिचे आपोआप निवडलेले पर्याय आपल्या कामाचे नाहीत. पर्याय उघडून वारंवारता ‘दिवसातून एकदा’, भाषा ‘कोणतीही’, प्रदेश ‘कोणताही’ आणि निकाल ‘सर्व’ करा. भाषा इंग्रजीवर राहिली तर मराठी बातम्या सुटतात.

नाव अवतरणचिन्हांत टाका आणि सोबत गावाचं नाव. ‘साई’, ‘श्री गणेश’, ‘मातोश्री’ अशा नावांचे धंदे प्रत्येक तालुक्यात आहेत, गाव नसेल तर मेलबॉक्स भरून वाहतो. स्पेलिंगचा पसारा मराठीत मोठा आहे: खाणावळ आणि खानावळ दोन्ही लिहिलं जातं, कोल्हापूर हिंदी बातमीत कोल्हापुर होतं, रोमनमध्ये तेच नाव दोन-तीन तऱ्हांनी येतं. प्रत्येक रूपाचा वेगळा अलर्ट लावा. एका दुकानाला साधारण सहा ते आठ पुरतात: देवनागरी दोन, रोमन दोन-तीन, मालकाच्या नावाचा एक, दुकानाच्या फोन नंबरचा एक. शेवटचा फारसे लोक लावत नाहीत, पण आपला नंबर कुठल्या अनोळखी यादीत पडला की त्यानेच कळतं. नको ते निकाल येत असतील तर त्यातला शब्द वजा चिन्ह लावून वगळता येतो.

अलर्ट्सला मॅप्सवरचे रिव्ह्यू दिसत नाहीत. फेसबुकचे बंद ग्रुप, इन्स्टाग्रामच्या स्टोरी, व्हॉट्सअॅप यातलं काहीच दिसत नाही. मग उपयोग कशाला? बातम्यांसाठी. तुमच्याच नावाच्या दुसऱ्या गावातल्या हॉटेलवर अन्न व औषध प्रशासनाचा छापा पडला की संतापलेले लोक मॅपवर जे पहिलं सापडेल त्याला एक तारा देतात. अलर्ट आदल्या संध्याकाळी आला असेल, तर सकाळी प्रोफाइलवर पोस्ट टाकता येते: ‘बातमीतलं हॉटेल आणि आम्ही वेगळे. आमची एकच शाखा, अमुक चौकात.’ मग तसे रिव्ह्यू ‘या ठिकाणाच्या अनुभवावर आधारलेला नाही’ या मुद्द्यावर रिपोर्ट करायचे. मेल आली नाही म्हणजे कुणी काही बोललं नाही असं मात्र धरू नका. महिन्यातून एकदा ब्राउझरच्या खासगी खिडकीत दुकानाचं नाव आणि ‘तक्रार’, नाव आणि ‘फसवणूक’ असं शोधून गेल्या महिन्याचे निकाल चाळा.

बाकीची ठिकाणं, आणि पैसे मागणारे

फेसबुकवर २०१८ पासून ताऱ्यांऐवजी ‘शिफारस करता का: हो किंवा नाही’ असं आहे. एकच नकोशी शिफारस मालकाला काढता येत नाही. एक तर ती रिपोर्ट करायची, नाहीतर सगळा विभागच बंद ठेवायचा. बंद ठेवणं आम्हाला पटत नाही, काहीतरी दडवल्यासारखं दिसतं. गावातल्या खाद्यप्रेमींच्या ग्रुपमध्ये तुमचं पेज टॅग केलं नसेल तर सूचना येत नाही, तिथे स्वतः सदस्य होऊन ग्रुपच्या शोधात नाव टाकावं लागतं. जस्टडायलवर तुम्ही न टाकताही तुमची नोंद असू शकते, तिथला नंबर आणि पत्ता एकदा तपासा. झोमॅटो-स्विगीचं रेटिंग त्यांच्या पार्टनर अॅपमध्येच बघायचं. झोमॅटोवर बसून खाण्याचं आणि घरपोच मागवण्याचं रेटिंग वेगळं असतं. घरपोचचं घसरलं तर आधी डबे, झाकणं आणि रस्सा वेगळा बांधला जातो का ते बघा, चव नंतर.

ब्रँड२४, मेन्शन, ब्राइटलोकल, बर्डआय अशी पैशांची साधनंही आहेत. दहा-पंधरा शाखांच्या धंद्याला सगळे रिव्ह्यू एका पडद्यावर दिसणं सोयीचं आहे, तिथे त्यांना अर्थ आहे. एका दुकानाला दर महिन्याचं भाडं भरून मिळतं ते बहुतेक वर सांगितलेलंच, आणि रोमनमध्ये लिहिलेल्या मराठीचा सूर (कौतुक की तक्रार) ही साधनं ओळखतील यावर फार विसंबू नये. ‘जबरी’ आणि ‘भारी पडलं’ यातला फरक माणूसच वाचून सांगतो.

‘गूगलमधून बोलतोय, तुमचं लिस्टिंग उद्या बंद होईल, इतके भरा’ असा फोन आला तर तो कापा. बिझनेस प्रोफाइलला पैसे लागत नाहीत. खरी एजन्सी नेमायची असेल तर तिला मॅनेजर म्हणूनच जोडा, पासवर्ड देऊ नका. करारात दोन ओळी लिहून घ्या: रिव्ह्यू विकत आणणार नाही, आणि मालकाला दाखवल्याशिवाय तीन ताऱ्यांखालच्या रिव्ह्यूला उत्तर देणार नाही. करार संपेल त्याच दिवशी माणसांच्या यादीतून त्यांचं नाव काढा आणि जोडलेल्या इतर अॅपची यादीही तपासा, कारण काही एजन्सी त्या मार्गानेही आत असतात.